जुना आय-सेव्हन की नवा आय-थ्री? धरणगावच्या दुकानदार भाऊंना उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. धरणगावात तुमचं कृषी सेवा केंद्र आहे. दिवसभर टॅली, जीएसटीचं पोर्टल आणि बँकेचे व्यवहार चालतात. सीझनला कापसाची खरेदी असते, तेव्हा वजनकाटा कॉम्प्युटरला जोडलेला असतो आणि पावत्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर निघतात. संध्याकाळी मुलगी, जी डिप्लोमाला आहे, त्याच मशीनवर प्रोग्रॅमिंग आणि ऑटोकॅड करणार. तुम्हाला तीन भाव मिळालेत. पहिला, चौथ्या जनरेशनचा आय-सेव्हन, १६ जीबी रॅम, मॉनिटरसकट १४ हजार. दुसरा, आठव्या जनरेशनचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, मॉनिटरसकट २१ हजार. तिसरा, नवा असेंबल केलेला, बाराव्या जनरेशनचा आय-थ्री, ८ जीबी रॅम, मॉनिटरसकट ३४ हजार. विकणाऱ्याने सांगितलंय की आय-सेव्हन म्हणजे आय-सेव्हन, आय-थ्री त्याच्यापुढे काहीच नाही, आणि वर विंडोज ११ सुद्धा टाकून देतो.

माझं उत्तर: ३४ हजार जमत असतील तर नवा आय-थ्री घ्या. जमत नसतील तर आठव्या जनरेशनवाला घ्या. चौथ्या जनरेशनचा आय-सेव्हन या कामासाठी १४ काय, १० हजारांतही घेऊ नका. जळगावात ही मशीनं उघडण्यात आणि बसवण्यात माझी बावीस वर्षं गेली, त्यावरून सांगतो. कारणं मात्र नीट समजून घ्या, कारण उद्या विकणारा चौथंच काहीतरी दाखवेल आणि तेव्हा निर्णय तुम्हालाच करायचा आहे.

आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन ही इंटेल कंपनीच्या प्रोसेसरची, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य चिपची नावं. त्यातले आकडे एकाच वर्षाच्या मालाची आपसातली पायरी सांगतात. मशीन कोणत्या काळातलं आहे ते त्यापुढच्या आकड्यात असतं. आय-सेव्हन ४७९० यातला पहिला ४ म्हणजे चौथी जनरेशन. तो प्रोसेसर २०१४ चा. आय-फाइव्ह ८५०० मधला ८ म्हणजे आठवी, २०१८ सालची. आय-थ्री १२१०० मध्ये पहिले दोन आकडे घ्यायचे, बारावी जनरेशन, जानेवारी २०२२. आता गंमत बघा, ४७९० आणि १२१०० या दोघांनाही कोअर, म्हणजे चिपमधले काम करणारे भाग, चारच आणि थ्रेड, म्हणजे एका वेळी हाताळता येणाऱ्या कामांच्या रांगा, आठच. म्हणजे मनुष्यबळ सारखं. पण एकेका कोअरच्या कामाचा वेग घेतला तर नवा आय-थ्री त्या आय-सेव्हनच्या साधारण दीडपट भरतो. ऑटोकॅडमधलं बरंचसं काम एकाच कोअरवर चालतं, त्यामुळे मुलीला हा फरक रोज जाणवेल. आय-फाइव्ह ८५०० ला सहा कोअर आहेत. एकेका कोअरचा वेग ४७९० पेक्षा थोडाच जास्त, पण एकाच वेळी ब्राउझर, टॅली आणि अजून दोन गोष्टी उघड्या असतील तर सहा कोअर उपयोगी पडतात.

टॅलीपुरतं म्हणाल तर तिन्ही मशीन पुरतात, हे खोटं सांगत नाही. एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी येणारी वेगवान डिस्क, आणि ८ जीबी रॅम असली की तुमच्या दुकानाएवढा डेटा ४७९० सुद्धा सहज ओढतो. म्हणूनच त्या विकणाऱ्याचं दाखवलेलं मशीन तुम्हाला दुकानात झकास वाटलं असेल. घोडं वेगात अडत नाही. अडतं ते विंडोजमध्ये.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षेच्या अपडेटची एका वर्षाची वाढीव मुदत दिली गेली, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि सिक्युअर बूट ही मशीन सुरू होतानाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा लागतो. एएमडीचा असेल तर रायझन २००० मालिकेपासून पुढचा. ही आठवीची रेघ पक्की ध्यानात ठेवा. जुन्या मशीनच्या बाजारात आज सगळी उलथापालथ याच रेघेमुळे झाली आहे. मोठ्या कंपन्यांनी सहाव्या आणि सातव्या जनरेशनची मशीनं एकगठ्ठा काढून टाकली, आणि तो माल पुण्या-मुंबईहून, नाशिकहून आपल्याकडे येतोय. मशीनं दिसायला चांगली, भाव पडलेले. सातवीवाल्यात लोक सर्वांत जास्त फसतात. मशीन २०१७ चं, कॅबिनेटवर ओरखडा नाही, टीपीएमही आहे, आणि तरी विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. आय-सेव्हन ७७०० आणि आय-फाइव्ह ८५०० यांच्यात जेमतेम सव्वा वर्षाचं अंतर आहे, पण ते अंतर रेघेच्या या बाजूचं आणि त्या बाजूचं आहे.

आता "विंडोज ११ टाकून देतो" याबद्दल. टाकता येतं, हे खरं. तपासणीला बगल देऊन ४७९० वर विंडोज ११ चालू करता येतं आणि ते चालतंही. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. वर्षाला येणारी मोठी आवृत्ती आपोआप येत नाही, दर वेळी कुणाला तरी बसून हाताने टाकावी लागते. २०२४ ची आवृत्ती आली तेव्हा त्याहून जुनी, कोअर टू ड्युओच्या काळातली मशीनं सुरूच होईनात, कारण नव्या आवृत्तीला लागणारी एक आज्ञा (इन्स्ट्रक्शन) त्या प्रोसेसरला येतच नाही. ४७९० तेव्हा बचावला. पण ज्या मशीनवर बँकेचा लॉगिन होतो आणि दुकानाचा सगळा हिशेब आहे, ते मशीन दरवर्षी असं बचावत राहील या भरवशावर ठेवू नये.

हे आधी एकदा घडून गेलंय. विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० ला संपला. आपल्याकडच्या पुष्कळ दुकानांनी म्हटलं, चालतंय ना, मग चालू द्या. तीन वर्षं चाललंही. मग २०२३ च्या सुरुवातीला क्रोमने विंडोज ७ सोडलं, १०९ ही शेवटची आवृत्ती. त्यानंतर हळूहळू कुठलं पोर्टल उघडेना, कुठली सही लागेना. तेव्हा माझ्याकडे जी माणसं आली ती रिटर्नच्या शेवटच्या तारखेला आली. मशीन बदलायचं, टॅली हलवायची, डिजिटल सहीचं टोकन नव्याने बसवायचं, आणि हातात उरलेली संध्याकाळ एक. ती धावपळ मी पाहिली आहे. तुमच्यावर ती वेळ यायला नको म्हणून एवढं लिहितोय.

आता आपल्या हवेकडे वळतो. पुण्या-मुंबईचे लोक कॉम्प्युटर निवडताना हे धरत नाहीत, आपल्याला मात्र धरावंच लागतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो. कूलर असला तरी पत्र्याखालच्या दुकानात टेबलाखाली ४० अंश सहज असतात. प्रोसेसरवरचा पंखा थंडी तयार करत नाही, तो फक्त आतली उष्णता खोलीतल्या हवेत ढकलतो. डिसेंबरात खोली २२ अंशांवर असताना प्रोसेसर ६५ वर चालत असेल, तर मे महिन्यात तेच काम करताना तो ८५ च्या आसपास जाणार. त्यात प्रोसेसरची उष्णता वर पोचवणारी, पण दहा वर्षांत वाळून खडूसारखी झालेली थर्मल पेस्ट आणि पंख्याखालच्या धातूच्या पट्ट्यांत (हीटसिंक) साठलेली धूळ मिळवा. तो शंभरीला टेकला की जीव वाचवायला आपणहून वेग कमी करतो, आणि तरीही भागलं नाही तर बंद पडतो. दर मेमध्ये मला तोच प्रश्न येतो, "दादा, उन्हाळामा हाई बंद का पडस?" आणि दहापैकी आठ वेळा उत्तर साफसफाई आणि पन्नास रुपयांची पेस्ट एवढंच असतं.

तुमच्याकडे तर सीझनला कापूस. कापसाचा तंतू साध्या धुळीपेक्षा वाईट, कारण धूळ ब्लोअरने उडते, तंतू मात्र हीटसिंकच्या पट्ट्यांवर नमद्यासारखा बसतो. एका जिनिंगमधलं मशीन मी उघडलं तेव्हा पंखा फिरत होता, आवाज येत होता, आणि पट्ट्यांवर अख्खी पांढरी गादी होती. हवा जायला जागाच नव्हती. त्या मालकाने त्याआधी रॅम बदलून घेतली होती, विंडोज दोनदा टाकून घेतलं होतं. तेव्हा मशीन कोणतंही घ्या, ते जमिनीवर ठेवू नका, खरेदीच्या खोलीपासून जमेल तितकं लांब ठेवा आणि दिवाळीनंतर आणि मार्चअखेरीला एकदा उघडून साफ करून घ्या. उघडायला सोपं मोठं कॅबिनेट बरं. मॉनिटरच्या मागे अडकवायचे ते चिमुकले डबे एसी ऑफिसात छान, कापसाच्या दुकानात नकोत.

उष्णतेचा दुसरा मार डोळ्यांना दिसत नाही. पॉवर सप्लायमधले, म्हणजे एसएमपीएसमधले, कपॅसिटर हे वीज साठवणारे भाग तापमानाने म्हातारे होतात. ढोबळ नियम असा की दर १० अंश वाढीला त्यांचं आयुष्य निम्मं होतं. बंगळुरूच्या एसीत दहा वर्षं चाललेला एसएमपीएस तिथे अजून चार वर्षं चालला असता, तो आपल्याकडे आल्यावर दोन उन्हाळ्यांतच थकतो. आणि तो थकला की ब्रँडेड मशीनची खरी अडचण कळते. डेल, एचपी, लेनोवोच्या पुष्कळ ऑफिस मॉडेलमध्ये एसएमपीएसचा आकार आणि मदरबोर्डचा कनेक्टर त्यांचा स्वतःचा असतो. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये सरळ मिळणारा एसएमपीएस त्यात बसत नाही. जुळणारा मागवावा लागतो, आणि तो येईपर्यंत तुमचं दुकान पावती पुस्तकावर.

पण नवं म्हणजे आपोआप मजबूत, असंही समजू नका. असेंबल मशीनमध्ये दुकानदार पैसे वाचवतो ते नेमके एसएमपीएसमध्ये. कॅबिनेटसोबत जो फुकट येतो, ज्यावर ४५० वॉट छापलेलं असतं आणि जो हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका लागतो, तो नको म्हणा. ८० प्लसची (वीज कमी वाया घालवण्याच्या प्रमाणपत्राची) खूण असलेला, नाव असलेला एसएमपीएस वेगळा लिहून घ्या, हजार-दोन हजार जास्त गेले तरी. या बाबतीत जुनी ब्रँडेड मशीनं खरोखर चांगली होती, तेवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. यूपीएस तर हवाच. टॅलीत एंट्री चालू असताना वीज गेली की डेटा बिघडण्याचा धोका असतो. ६०० व्हीएचा साधा यूपीएस दहा मिनिटं देतो, तेवढ्यात काम वाचवून मशीन नीट बंद करता येतं. आणि दुकानाचं अर्थिंग वायरमनकडून एकदा तपासून घ्या. पावसाळ्याच्या पहिल्या विजांमध्ये लॅन पोर्ट (इंटरनेटची तार लावायची जागा) जळालेली मशीनं माझ्याकडे ओळीने येतात, आणि त्यातल्या बहुतेक ठिकाणी अर्थिंगची तार नुसती नावाला असते.

वीजबिलाचा मुद्दा तुमच्या मेहुण्यांनी काढलाय म्हणून एवढंच. ४७९० ची रेटिंग ८४ वॉट, १२१०० ची ६० वॉट. साधारण २५ वॉटचा फरक पूर्ण वेळ धरला तरी दहा तास आणि तीनशे दिवसांत ७५ युनिट होतात, आणि प्रत्यक्षात त्याहून कमी. त्यावर निर्णय करण्यासारखं काही नाही.

आता जुन्या मशीनची खरी बाजू, जी तुमच्या बाबतीत महत्त्वाची आहे आणि विकणाऱ्याने तुम्हाला सांगितलीच नाही. तुमचा वजनकाटा बहुधा सिरीयल पोर्टवर बोलतो, नऊ पिनांचा तो जुना पोर्ट. डॉट मॅट्रिक्सही जुना असेल तर त्याला पंचवीस पिनांचा पॅरलल पोर्ट लागतो. जुन्या ऑफिस टॉवरमध्ये सिरीयल पोर्ट मागेच मिळतो. नव्या स्वस्त मदरबोर्डवर तो बाहेर दिसत नाही. यूएसबीचा कनव्हर्टर चालतो, पण स्वस्त कनव्हर्टरचा ड्रायव्हर विंडोजच्या अपडेटनंतर रुसतो, आणि काट्यावर गाडी उभी असताना वजन स्क्रीनवर येत नाही. म्हणून नवा आय-थ्री घेताना मदरबोर्डवर कॉम हेडर, म्हणजे सिरीयल पोर्ट जोडायच्या पिना, आहेत का ते विचारा. या आय-थ्रीला चालणाऱ्या एच ६१० प्रकारच्या पुष्कळ बोर्डांवर तो असतो, फक्त पाचशे रुपयांच्या आत मिळणारी पट्टी लावून पोर्ट मागे काढावा लागतो. नसेल तर पीसीआय एक्सप्रेसचं सिरीयल-पॅरलल कार्ड बसवून घ्या. हे काम मशीन घरी नेण्याआधी व्हायला हवं, कापूस दारात आल्यावर नाही.

शेतकरी भाऊंच्या मालाची वजनं घेणाऱ्या ज्या दुकानांत वेगळं, इंटरनेट नसलेलं मशीन फक्त काट्यासाठी ठेवतात, तिथे चौथ्या जनरेशनचं मशीन मी आजही आनंदाने लावून देतो. लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्येही तसंच. तिथली जुनी पेजमेकरची फाइल आणि जुने फॉन्ट नव्या विंडोजवर नेण्यात अर्थ नसतो. इंटरनेटची तार काढा, पेन ड्राइव्ह जपून वापरा, ते मशीन अजून कितीतरी चालेल. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकून शाळकरी मुलांना द्यायलाही ते छान. बँक आणि जीएसटीसाठी मात्र नाही.

मुलीसाठी रॅमचं बघा. आज ८ जीबीत भागेल, पण पुढे अँड्रॉइडचं ॲप बनवायला लागली की १६ जीबी हवीच. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव जोरात चढलेत, त्यामुळे "नंतर टाकू" हे पूर्वीइतकं स्वस्त राहिलेलं नाही. मशीन घेतानाच घासाघीस करून १६ करून घ्या, शक्यतो ८-८ च्या दोन पट्ट्या. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तेव्हा दोन पट्ट्यांचा फरक ग्राफिक्सला जाणवतो. आय-सेव्हनवाल्यातली १६ जीबी बघून भुलू नका, ती डीडीआर-३, म्हणजे जुन्या प्रकारची, आहे. नव्या मशीनमध्ये ती बसत नाही, ती पट्टी त्या मशीनसोबतच संपते. याउलट १२१०० चा सॉकेट, म्हणजे बोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा, एलजीए १७०० आहे, त्यात बारावी, तेरावी, चौदावी या तिन्ही जनरेशनचे प्रोसेसर बसतात. तीन वर्षांनी कुणाचा निघालेला आय-फाइव्ह मिळाला तर बायोस, म्हणजे बोर्डमधलाच मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम, अपडेट करून तोच बोर्ड पुढे चालवता येईल.

पैशाचा हिशेब मी असा करतो. १४ हजारांचं मशीन तुम्हाला नीट, सुरक्षितपणे फार तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वापरायला मिळेल. २१ हजारांचं मी चार वर्षांच्या हिशेबाने घेईन, म्हणजे वर्षाला सव्वापाच हजार. ३४ हजारांचं सात वर्षं धरा, वर्षाला पाच हजारांच्या आत. शिवाय नव्याला प्रोसेसरवर आणि बहुतेक मदरबोर्डवर तीन वर्षांची वॉरंटी असते, जुन्याला दुकानदाराच्या शब्दाची. पक्कं जीएसटी बिल घेतलंत तर दुकानाच्या नावावर कराचं क्रेडिटही मिळतं, ते तुमच्या सीएंना विचारून घ्या.

आठव्या जनरेशनवालाच घ्यायचा ठरला तर दुकानात पैसे देण्याआधी थोडा वेळ द्या. मॉडेलच्या नावावर विसंबू नका. डेलने ऑप्टिप्लेक्स ७०१० हे नाव २०१२ साली तिसऱ्या जनरेशनच्या मशीनला दिलं आणि २०२३ मध्ये तेराव्या जनरेशनच्या मशीनला पुन्हा तेच दिलं. ७०२० चंही तसंच, एक २०१४ चं आणि एक २०२४ चं. मागच्या लेबलवरचा सर्व्हिस टॅग (मशीनचा नंबर) कंपनीच्या साइटवर टाकला की मशीन मूळ कधी विकलं गेलं ते दिसतं. मायक्रोसॉफ्टचा पीसी हेल्थ चेक हा प्रोग्रॅम चालवून विंडोज ११ ला पात्र आहे का बघा. सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनचं पान उघडून लायसन्स खरं आहे याची खात्री करा, चोरीच्या ॲक्टिव्हेशनवर बँकेचं काम करू नये. बायोसमध्ये आत जाता येतं का ते बघा, काही मशीनवर जुन्या कंपनीचा पासवर्ड तसाच राहिलेला असतो आणि तो नंतर काढता काढता जीव जातो. क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये एसएसडीची तब्येत आणि चाललेले तास दिसतात. मशीन रात्रभर प्लगमधून काढून ठेवायला सांगा आणि सकाळी घड्याळ बघा, तारीख मागे गेली असेल तर आतला बटण सेल संपलाय. सेल पन्नास रुपयांचा, पण तारीख चुकली की बँकेची साइट उघडत नाही आणि माणूस दिवसभर इंटरनेटवाल्याला फोन करत बसतो.

खरेदीला जाण्याआधी एक काम करा. तुमच्या आत्ताच्या कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूचा आणि वजनकाट्याच्या केबलच्या टोकाचा फोटो काढून पाठवा. टोक नऊ पिनांचं आहे की पंचवीस हे बघून कोणतं कार्ड लागेल ते मी सांगतो, म्हणजे बोर्ड निवडतानाच दुकानदाराला ते लिहून देता येईल.